जन्मवजन २.१ किलो, वय ३८: यात आईच्या आहाराचा वाटा किती?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं आहे. वय ३८, अंगकाठी बारीक, तरी रक्तदाब १४२/९२ आणि एचबीए१सी (गेल्या तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी चाचणी) ५.९. जन्माच्या वेळी वजन २.१ किलो, दिवस मात्र पूर्ण भरलेले. तुमच्या वेळी आईच्या पोटात पाचव्या महिन्यापर्यंत अन्न ठरत नव्हतं, त्यात घरात ओढगस्त. गरोदरपणात आईला नीट खायला मिळालं नाही तर मुलांना पुढे मधुमेह-रक्तदाब होतो, असं कुणीतरी आईला सांगितलं आणि तेव्हापासून ती 'हे माझ्यामुळेच झालं' म्हणून रडते. धाकट्या बहिणीला पाचवा महिना आहे आणि तिला सगळे मिळून सकाळपासून भरवताहेत. हे खरं आहे का, आणि असेल तर आता काही करता येतं का, असं तुम्ही विचारलंत.

संबंध खरा आहे. पण तो किती मोठा, आणि तुमच्या बाबतीत तोच लागू आहे का, हे मला इथून ठरवता येणार नाही. कुणालाच येणार नाही. एका माणसाच्या रक्तदाबातला इतका भाग गर्भातला, इतका आनुवंशिक आणि इतका मिठाचा, अशी वाटणी करणारी तपासणी नाही. आईला हे एक वाक्य आजच सांगितलंत तरी चालेल.

मी २६ वर्षं मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण पाहते. नवीन रुग्णाला मी जन्मवजन विचारते आणि बहुतेक वेळा समोरचा माझ्याकडे बघतच राहतो. वडिलांची साखर, आजोबांचा हार्ट अटॅक हे सगळं लोक तोंडपाठ सांगतात. जन्मवजन मात्र 'आईला विचारावं लागेल'. मग पुढच्या वेळी उत्तर येतं, 'मूठभर होतो म्हणे'. ते मूठभर असणं मी कागदावर लिहून ठेवते. त्यानं औषध बदलत नाही, पण मी त्या माणसाकडे कसं बघते ते बदलतं. बारीक माणसाची साखर वाढलेली दिसली की 'तुम्ही तर बारीक आहात, काळजी नको' असं म्हणण्याची चूक मग होत नाही.

हा विचार मुळात आला कुठून, ते सांगते. १९८०च्या दशकात इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक डॉक्टर डेव्हिड बार्कर मृत्यूंचे नकाशे पाहत होते. हृदयविकार हा सुखवस्तूपणाचा आजार अशी तेव्हाची समजूत. नकाशा वेगळंच सांगत होता: काही दशकांपूर्वी ज्या भागांत तान्ही बाळं जास्त दगावत होती, तिथेच आता हृदयविकाराचे मृत्यू जास्त होते. मग त्यांना इंग्लंडमधल्याच हर्टफर्डशायर परगण्याच्या जुन्या वह्या मिळाल्या. तिथे १९११ पासून एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली सुइणी आणि परिचारिका प्रत्येक बाळाचं जन्मवजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन टिपून ठेवत होत्या. त्यातल्या ५,६५४ पुरुषांचा माग काढून १९८९ मध्ये निष्कर्ष आला: जन्माला आणि पहिल्या वर्षी वजन जितकं कमी, तितके पुढे हृदयविकारानं मृत्यू जास्त. मधुमेहाबद्दलही असंच दिसलं आणि १९९२ मध्ये निकोलस हेल्स आणि बार्कर यांनी 'काटकसरी शरीर' अशी कल्पना मांडली. गर्भाला तुटवडा जाणवला की तो कमी पुरवठ्यावर जगण्याच्या बेतानं वाढतो. पुढे मुबलक खायला मिळालं की तो बेतच अंगलट येतो.

यावर शंका घेणारे लगेच पुढे आले, आणि त्यांचं बरोबर होतं. गरीब घरात कमी वजनाचं बाळ जन्मतं आणि पुढेही ते गरीबच राहतं. मग दोष गर्भातल्या दिवसांचा की नंतरच्या सगळ्या आयुष्याचा? हा गुंता सोडवायला कुणी मुद्दाम गरोदर बायांना उपाशी ठेवणार नाही. ते दुर्दैवानं दुसऱ्या महायुद्धानं केलं.

सप्टेंबर १९४४ मध्ये दोस्त सैन्याला मदत म्हणून डच रेल्वे कामगारांनी संप केला. त्याचा सूड म्हणून देश बळकावून बसलेल्या जर्मनांनी पश्चिम नेदरलँड्सकडे जाणारं धान्य अडवलं, पाठोपाठ थंडीनं कालवे गोठले. नोव्हेंबर संपेपर्यंत माणशी रेशन दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली गेलं आणि डिसेंबर ते एप्रिल ४०० ते ८०० च्या दरम्यान राहिलं. मे १९४५ मध्ये सुटका झाली आणि काही आठवड्यांत पुन्हा पोटभर अन्न. उपासमारीला स्पष्ट सुरुवात, स्पष्ट शेवट, आणि झळ कमीअधिक सगळ्या थरांना. त्यामुळे कोण गर्भात कितव्या महिन्यात असताना उपाशी होतं, हे जन्मतारखेवरून काढता येतं.

ती मुलं मोठी झाल्यावर जे दिसलं, ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा तपासलं होतं. गर्भारपणाच्या मधल्या किंवा शेवटच्या महिन्यांत उपासमार झालेल्यांची पन्नाशीत साखर पचवण्याची ताकद कमी निघाली. अगदी सुरुवातीच्या महिन्यांत उपासमार सोसलेल्यांमध्ये हृदयविकार जास्त, कोलेस्टेरॉलचं गणित बिघडलेलं. आणि या सुरुवातीवाल्यांचं जन्मवजन साधारण नेहमीइतकंच होतं! कमी वजनाची बाळं होती ती शेवटच्या महिन्यांत उपास घडलेल्यांची, सरासरी २०० ते ३०० ग्रॅमनं कमी. थोडक्यात, जन्मवजन ही आपल्याला सहज मिळणारी खूण आहे, पण ती फार खात्रीची नाही. चांगल्या वजनाचं बाळ म्हणजे पोटात सगळं आलबेल होतं, असं म्हणता येत नाही. आणि कमी वजनामागे दरवेळी आईची उपासमारच असते, असंही नाही.

आता हे नेमकं होतं कसं. घर बांधताना पैसे कमी पडले की माणूस खांब आणि छप्पर आधी उरकतो, खोल्या कमी करतो. गर्भ तेच करतो. रक्तपुरवठा अपुरा असला की तो मेंदूकडे जास्त वळवतो आणि मूत्रपिंड, स्वादुपिंड, यकृत, स्नायू यांच्या वाट्याला कमी येतं. पुढे सुबत्ता आली तरी काही खोल्या नंतर बांधता येत नाहीत.

मूत्रपिंडाचं उदाहरण सगळ्यात स्पष्ट आहे. रक्त गाळणारे जे सूक्ष्म घटक, नेफ्रॉन, ते साधारण ३६ व्या आठवड्यापर्यंत तयार होतात. त्यानंतर आयुष्यभर नवा एकही बनत नाही. एका मूत्रपिंडात सरासरी १० लाखांच्या आसपास असतात, पण माणसामाणसात फरक प्रचंड: कुणाकडे २ लाख, तर कुणाकडे २० लाख. कमी वजनाच्या बाळांत ही संख्या कमी असते. संख्या कमी म्हणजे प्रत्येकावर भार जास्त. भार जास्त म्हणून दाब वाढतो, आणि वाढलेल्या दाबानं आहेत तेही झिजतात. तिशीपर्यंत याचा पत्ताही लागत नाही.

स्नायूंचं असंच. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मुख्यतः स्नायू उचलतात. स्नायू मुळातच कमी असले तर साखर उचलणारे हात कमी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा जो अभ्यास चालवला, त्यात ही बाब नवजात बाळांतच दिसली. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण हे आठशे ग्रॅम सगळीकडून सारखे कमी नव्हते. स्नायू आणि पोटातले अवयव बरेच लहान, पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकून. वरून बारीक, आतून चरबीदार. तुम्ही लिहिलेली 'बारीक अंगकाठी' वाचताना मला हेच आठवलं.

तिसरी गोष्ट जनुकांच्या चालू-बंद होण्याची. जनुक तेच राहतं, पण त्यावर रासायनिक खुणा चिकटतात, त्यांना मेथिलेशन म्हणतात, आणि ते जनुक किती काम करणार हे त्यावर बऱ्याच अंशी ठरतं. डच उपासमारीच्या अगदी सुरुवातीला गर्भात असलेल्यांच्या वाढीशी संबंधित एका जनुकावरच्या या खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी होत्या, असं २००८ मध्ये दिसलं. इथे लोक फार वाहवत जातात, 'सात पिढ्यांचा शाप' वगैरे बोलू लागतात. खूण सापडणं एक आणि तिच्यामुळेच आजार झाला हे सिद्ध होणं दुसरं. मी या भागाकडे उत्सुकतेनं बघते, पण रुग्णाला सल्ला देताना त्यावर विसंबत नाही.

एवढं वाचून घाबरायच्या आधी रशियातलं लेनिनग्राड बघा. १९४१ ते १९४४ च्या जर्मन वेढ्यात तिथेही गरोदर स्त्रिया भयंकर उपाशी राहिल्या. त्यांची मुलं पन्नाशीत तपासली तेव्हा साखरेच्या बाबतीत इतरांपेक्षा फरक आढळला नाही. का? सगळ्यात पटणारं कारण असं की नेदरलँड्समध्ये उपासमारीनंतर लगेच सुबत्ता आली, लेनिनग्राडमध्ये टंचाई आधीही होती आणि नंतरही बराच काळ राहिली. तिथल्या मुलांचं वजन एकदम वाढलं नाही. गर्भात आखूड वाढ आणि नंतर भराभर चढलेलं वजन, या दोन्हींची जोडी घातक ठरते. दिल्लीत जन्मल्यापासून मोजमापं ठेवलेल्या १,४९२ जणांच्या अभ्यासात २००४ मध्ये हेच दिसलं: ज्यांची साखर विशी-तिशीतच बिघडली ते तान्हेपणी बारीक होते, आणि दोन ते बारा वर्षांच्या दरम्यान उंचीच्या मानानं त्यांचं वजन चढत गेलं होतं. लठ्ठ म्हणावीत अशी ती मुलं बाराव्या वर्षीही नव्हती.

म्हणून धोका किती, हेही नीट धरा. जन्मवजनात एका किलोचा फरक असेल तर मोठेपणी वरच्या रक्तदाबात सरासरी १ ते २ अंकांचा फरक दिसतो. काही मोठ्या अभ्यासांत त्याहूनही कमी. तुमचा १४२ एवढ्यानं होत नाही. गर्भारपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात उपासमार सोसलेल्या डच तरुणांमध्ये एकोणिसाव्या वर्षी लठ्ठपणाचं प्रमाण साधारण दुप्पट होतं, पण दुप्पट होऊनही ते १०० पैकी ३ पेक्षा कमी होतं. 'दुप्पट' ऐकलं की छातीत धस्स होतं, म्हणून मी नेहमी विचारते, कशाच्या दुप्पट?

आता आईबद्दल. आईचं ताट आणि बाळाला मिळणारं पोषण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे लांब साखळी आहे: आईनं खाल्लेलं तिच्या रक्तात उतरणं, ते रक्त गर्भाशयापर्यंत पुरेसं पोचणं, वारेनं ते उचलणं, नाळेतून पुढे जाणं. यातली कुठलीही कडी कच्ची असू शकते. गरोदरपणातला रक्तदाब, नीट न रुजलेली वार, मलेरियासारखा संसर्ग, तंबाखू, रक्तक्षय, जुळं, यापैकी कशानंही बाळ लहान राहतं, आईनं कितीही खाल्लं तरी. शिवाय इन्सुलिनच्या कामाशी संबंधित काही जनुकं अशी आहेत की त्यांच्यामुळे बाळही लहान होतं आणि पुढे मधुमेहही होतो. तिथे आहाराचा संबंधच नसतो. आणि वार किती चांगली बनेल हे आईच्या त्या नऊ महिन्यांवरच नाही, तर तिच्या स्वतःच्या बालपणावर, उंचीवर, दिवस राहण्याआधीच्या वजनावरही अवलंबून असतं. तुम्ही ज्या बीजापासून झालात ते तुमच्या आईच्या अंडाशयात तयार झालं तेव्हा ती स्वतः तिच्या आईच्या पोटात होती. दोष शोधायला निघालात तर कुठे थांबणार?

उलट्यांबद्दल वेगळं सांगते, कारण तुमच्या आईच्या मनात तेच असणार. पहिल्या महिन्यांतली मळमळ-उलटी नेहमीची असेल तर बाळाचं वजन त्यानं घटत नाही. वजन उतरेल इतक्या, पाचव्या महिन्यापर्यंत चाललेल्या उलट्या असतील तर थोडा फरक पडू शकतो. पण तो आजार आहे. कुणी ठरवून उलट्या करत नाही.

तुमच्या स्वतःच्या बाबतीत मी काय केलं असतं? आधी आकडे पक्के केले असते. एकदा दवाखान्यात मोजलेल्या दाबावर विश्वास नको. घरी दंडाच्या यंत्रावर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं शांत बसून मोजा. लोहाची कमतरता असेल तर एचबीए१सी खोटा वाढलेला दिसतो, म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) पाहा, शिवाय उपाशीपोटीची साखर. ३८ व्या वर्षी दाब वाढला की बाकीची कारणंही चाळायची असतात: थायरॉइड, गर्भनिरोधक गोळ्या, रोजच्या वेदनाशामक गोळ्या, घोरणं. 'जन्मवजन कमी होतं ना, म्हणूनच' असं म्हणून ही तपासणी टाळणारे मी पाहिलेत, अगदी डॉक्टरसुद्धा. लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जातंय का, ते तपासा. नेफ्रॉन कमी असतील तर ताण पहिला तिथे दिसतो. ती तपासणी साधी आहे, पण रुग्ण बारीक असला की हटकून विसरली जाते.

मग व्यायाम, आणि नुसतं चालणं नको. तुमची अडचण स्नायूंची असेल, तर स्नायू वाढवणं हाच तिच्यावरचा नेमका उपाय. आठवड्यातून दोन-तीनदा वजनं उचला, उठाबशा काढा, जमेल तसं जोर लावून काम करा. फिनलंडमधल्या अभ्यासात व्यायामाचा साखरेवर चांगला परिणाम जन्मतः लहान असलेल्यांमध्ये इतरांपेक्षा ठळक दिसला होता, आणि माझ्या रुग्णांतही मला तसंच वाटत आलंय. नेफ्रॉनची संख्या वाढवता येत नाही, स्नायू कधीही वाढवता येतात. वजनाच्या काट्यापेक्षा कंबरेचं माप पाहा. विशीत होतं त्याहून चार-पाच किलो वजन वाढलं असेल तर बारीक दिसत असूनही ते तुमच्यासाठी जास्तच आहे. मीठ कमी करा. यानंतरही दाब १४० च्या वर राहिला तर गोळी सुरू करायला कां-कूं करू नका.

बहिणीला मात्र आधी त्या भरवण्यातून सोडवा. 'दोघांचं जेव' हे गणितच चुकीचं आहे. पहिल्या तीन महिन्यांत जास्तीच्या कॅलरी जवळजवळ लागतच नाहीत; दुसऱ्या तिमाहीत रोज साधारण ३५०, शेवटच्या तिमाहीत ४५० च्या आसपास. ताटात दुप्पट वाढण्याची गरज त्यात कुठेच नाही. आधीचं वजन उंचीच्या मानानं योग्य असेल तर नऊ महिन्यांत ११.५ ते १६ किलो वाढ पुरेशी, आधीच जास्त असेल तर ७ ते ११.५. भरवून भरवून तिची साखर चढली तर बाळाला पुढे तोच मधुमेह दुसऱ्या वाटेनं गाठतो. वारेतून जास्तीची साखर जाणंही बाधतंच. तिची साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान व्हायला हवी, म्हणजे आता लवकरच.

ताटात किती यापेक्षा काय, याकडे लक्ष द्या: प्रथिनं, हिरव्या पालेभाज्या, फळं, दूध. पुण्याच्या अभ्यासात बाळाची वाढ आईच्या एकूण कॅलरींपेक्षा पालेभाज्या, फळं आणि दूध ती किती वेळा खाते यावर जास्त अवलंबून दिसली. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मी कधी विसरत नाही. ज्या आयांच्या रक्तात फोलेट (म्हणजे फोलिक अॅसिडचं जीवनसत्त्व) भरपूर आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनचा प्रतिरोध, म्हणजे शरीरानं इन्सुलिनला दाद न देणं, सगळ्यात जास्त होता. फोलिक अॅसिड बंद करायचं असा याचा अर्थ मुळीच नाही. मज्जारज्जूचे दोष टाळायला ते हवंच, आणि खरं तर दिवस राहण्याआधीपासून हवं, कारण ज्या नळीपासून मज्जारज्जू बनतो ती गर्भधारणेनंतरच्या पहिल्या २८ दिवसांतच मिटते. पण बहीण शाकाहारी असेल तर बी-१२ तपासून घ्या आणि कमी असेल तर भरून काढा.

तिचं बाळ समजा लहान जन्मलंच, तर घरातल्यांना एकच गोष्ट बजावून ठेवा: त्याला घाईनं गुबगुबीत करायचं नाही. पहिले सहा महिने अंगावरचं दूध, पुढे उंची आणि वजन एकमेकांच्या प्रमाणात वाढतंय ना एवढं बघायचं. अपुऱ्या दिवसांचं किंवा फारच नाजूक बाळ असेल तर हिशोब वेगळा, तिथे बालरोगतज्ज्ञ सांगतील तसंच.

आणि आईबद्दल एक राहिलं. कमी वजनाचं बाळ झालेल्या स्त्रियांना स्वतःला पुढे हृदयविकाराचा धोका थोडा जास्त असतो, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. गर्भारपणात शरीराला जो ताण झेपला नाही तोच नंतर पुन्हा डोकं वर काढतो. तुमच्या पत्रात तुमचे आकडे आहेत, बहिणीचा महिना आहे. आईचा रक्तदाब आणि साखर शेवटची कधी तपासली, हे कुठेच नाही. पुढच्या वेळी तपासायला जाल तेव्हा तिलाही बरोबर घेऊन जा.